ओठ मोजायचा नाही

गांडुळाला ओठ असतो. तोंडावर पुढे आलेला, एवढासा. तो मोजायचा नाही. त्याच्यामागे जे पहिलं वलय येतं तिथून एक म्हणायचं आणि शेपटीकडे दोन, तीन, चार करत जायचं. हे मी एकतीस वर्षं सांगत आलेय आणि तरी दर वर्षी वर्गातली निम्मी पोरं ओठापासूनच मोजतात. मग त्यांचं अख्खं गांडूळ एका घराने पुढे सरकतं, चौदावं ते पंधरावं होतं, आणि वर मलाच विचारतात, मावशी, पुस्तक चुकलंय का? पुस्तक नाही चुकलेलं, बाळा. तू चुकलायस.

मी इंदू ओव्हाळ. पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर. कागदावर परिचर, एरवी इंदुबाई, आणि ज्यांचं काम अडलेलं असतं त्यांची इंदूताई. बारावी सायन्स झाले, पुढचं राहिलं, त्याचं रडगाणं मी गात नाही. गांडूळ उघडायला पदवी लागत नाही, हात लागतो. पाठीवरून नखभर चीर द्यायची, टाचण्या तिरक्या टोचायच्या आणि आतलं काहीही न फाडता सगळं मांडून दाखवायचं. मी पाच मिनिटांत करते. विभागात सहा पीएचड्या आहेत, त्यांना विचारा किती वेळ लागतो.

मध्ये नियम आला आणि वर्गातली चिरफाड बंद झाली. पोरं कॉम्प्युटरवर गांडूळ कापायला लागली. बरंच झालं, जीव वाचले बिचाऱ्यांचे. पण माझ्या हाताला काम उरलं नाही. बाटल्या पुसायच्या, खुर्च्या मोजायच्या, पंख्याची तक्रार लिहायची. अशी दहा-बारा वर्षं गेली आणि मग उत्कर्षा आली.

उत्कर्षा पायगुडे. घरचे म्हणत होते खराडीला कंपनीत लाग, एसीत बस. ही म्हणाली, मला गांडुळं शोधायचीत. पुणे जिल्ह्यात किती जातींची गांडुळं आहेत, यावर तिची पीएचडी. पोरगी हुशार, डीएनए वगैरे झरझर करते. पण हात असा, की पहिलं गांडूळ उघडलं तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले आणि एक टेबलाखाली गेला.

"इंदूताई, प्लीज, एकदा दाखवा ना," ती म्हणाली.

"एकदा दाखवून येत नाही. रोज दुपारी तीनला येत जा," मी म्हटलं.

ती आली. दोन वर्षं, रोज तीनला. आता तिचं गांडूळ फाटत नाही. माझ्याइतकं होत नाही, पण फाटत नाही.

गेल्या ऑगस्टच्या शेवटी आम्ही दोघी मांजरीला गेलो. तिथे सरुबाई म्हणून एक शेतकरीण आहे, साठी उलटलेली. तिचा ऊस आहे, उसाच्या तिन्ही बाजूंनी टॉवर उठलेत आणि चौथ्या बाजूला जुनी विहीर. विहिरीच्या कडेने हातभर जागा अशी आहे की तिथे नांगर कधी फिरला नाही. उत्कर्षाला नेमकी तीच जागा हवी होती. आम्ही बादलीत मोहरीची पूड कालवली आणि ते पाणी जमिनीवर ओतलं. गांडुळांना त्याची आग होते, ती आपणहून वर येतात. खणावं लागत नाही, तुटत नाहीत.

सरुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"मोहरी घातली. आता हिंग बी घाला की," ती म्हणाली. "फोडणी पुरी तरी हुईल."

दहा मिनिटांनी गांडुळं आली. पाच आली, वीतभर लांब, पुढून जांभळट, मागून मातकट, आणि सगळी अंगावर पट्टा आलेली, म्हणजे वयात आलेली. वयात न आलेलं गांडूळ ओळखता येत नाही, ते उचलून काही उपयोग नसतो. उत्कर्षाने विचारलं, आजी, ही खतातून आलीत का हो? कारण हल्ली गांडूळखताच्या पिशवीतून परदेशी गांडुळं सगळीकडे पसरलीत.

"खतातली न्हाईत," सरुबाई म्हणाली. "ती लाल असत्यात, लई वळवळ करत्यात. ही आमची जुनी हायेत. पर हिरीच्या कडंलाच, बाकी रानात कुठं न्हाईत."

लॅबमध्ये आणून मी ती पाण्यात ठेवली आणि वरून थेंबाथेंबाने अल्कोहोल सोडत बसले. ही खरी किल्ली आहे. गांडुळाला आधी गुंगी यावी लागते. ते सैल पडलं, ताणून सरळ झालं, की मगच पक्क्या औषधात घालायचं. घाई केली तर ते आक्रसतं, वेटोळं होतं आणि कायमचं तसंच राहतं. मी पाऊण तास थेंब सोडत बसले. मग एक घेतलं, दुर्बिणीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, ठेवलं आणि मोजलं.

गांडुळाच्या पोटाखाली बारीक छिद्रं असतात. ती कितव्या वलयावर आहेत त्यावरून जात ठरते, पत्त्यात घरनंबर असतो तसं. या गांडुळाची मुख्य छिद्रं अठराव्या आणि विसाव्यावर होती. मी पुन्हा मोजलं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. पाचही अठरा-वीस. उत्कर्षाने तिच्याकडची सगळी पुस्तकं काढली. इकडच्या कुठल्याच गांडुळाला हा पत्ता नव्हता. जवळचं असं एकच होतं, कोकणातलं, शंभर वर्षांपूर्वी एका गोऱ्या साहेबाने नाव दिलेलं. त्याचं लॅटिन नाव मला येतं, तुमची जीभ कशाला अडकवू. त्याची छिद्रं सतराव्या आणि एकोणिसाव्यावर, म्हणून आम्ही त्याला सतरा-एकोणीस म्हणतो.

"इंदूताई, नवीन आहे," उत्कर्षा म्हणाली.

"आहेच," मी म्हटलं. मला शंका अशी आलीच नाही. अठरा म्हणजे अठरा.

अभय देवस्थळी सर आमचे विभागप्रमुख. माणूस वाईट नाही. फक्त त्यांचं वाक्य संपलं की समोरच्याने खोलीबाहेर असावं, अशी त्यांची अपेक्षा असते. त्यांच्या सहीशिवाय नवीन जातीचा शोधनिबंध विभागाच्या नावाने बाहेर जात नाही. त्यांनी उत्कर्षाचे कागद चाळले, फोटो बघितले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे गांडूळ आपल्याकडे आहे," ते म्हणाले.

ते उठले, काचेच्या कपाटाचं कुलूप काढलं आणि वरच्या फळीवरची बाटली आणून टेबलावर ठेवली. मोहोळकर सरांची बाटली. रंगराव मोहोळकर म्हणजे देवस्थळी सरांचे गुरू, मला नोकरीवर घेतलं तेही त्यांनीच. जाऊन तीस वर्षं झाली त्यांना. बाटलीवर लेबल होतं : मांजरी, ऑगस्ट १९९४, आणि खाली कोकणातल्या त्या सतरा-एकोणीसचं नाव.

"मांजरीचीच. रंग तोच, लांबी तीच," देवस्थळी सर म्हणाले. "सरांनी ओळखलेली. सहा आहेत, सहाही सतरा-एकोणीस. तुमची अठरा-वीस. फरक बरोब्बर एकाचा. एकाचा फरक कशाने पडतो, हे इंदुबाईंना मी सांगावं?"

उत्कर्षाचं तोंड उतरलं. माझं डोकं फिरलं.

"सर, ओठ मोजलेला नाही," मी म्हटलं. "आपण स्वतः बघावं."

"वय झालं की डोळे..."

"चष्मा आपल्याला आहे, सर. मला नाही."

ते आले. तेवढं त्यांचं मानायला हवं, ते उठून लॅबमध्ये आले, दुर्बिणीला डोळा लावला आणि सुईच्या टोकाने एकेक वलय मोजलं. अठरा. दुसरं गांडूळ घेतलं. अठरा. मग सरळ झाले.

"बरं. मोजणी बरोबर आहे," ते म्हणाले. "पण एखाद्या घराचा फरक एकाच जातीत पडू शकतो. सरांची सहा एक सांगतात, तुमची पाच दुसरं. गाव एक, रूप एक. मग ती एकच जात, घर थोडं इकडेतिकडे. एवढ्यावर नवीन जात होत नाही. ही बाटली आहे तोवर मी सही करणार नाही. शनिवारी पीएचडीच्या समितीपुढे मी हेच सांगेन."

बोलणं चुकीचं नव्हतं, हीच तर अडचण होती. उत्कर्षाने डीएनए केलेला होता आणि तो जगातल्या कुठल्याच नोंदीशी जुळला नव्हता. पण कोकणातल्या त्या गांडुळाची नोंद तिथे मुळात नव्हतीच, तर जुळणार काय. बाटलीतल्यांचा काढावा, तर फॉर्मॅलिनने तो केव्हाच मोडलेला. सगळं त्या एका बाटलीवर येऊन थांबलं.

मी बाटलीकडे बघितलं. तीस वर्षं मी त्या कपाटाच्या काचा पुसल्यात आणि त्या बाटलीकडे बघायचं टाळलंय. आत सहा गांडुळं होती, आक्रसलेली, वेटोळी, एकात एक अडकलेली. लेबलवर छापील ओळी होत्या : ठिकाण, तारीख, गोळा करणारा, जतन करणारा, ओळख. 'जतन करणारा' याच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

मी गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं.

त्या ओळीवर माझं नाव हवं होतं. ऑगस्ट चौऱ्याण्णव. मला लागून आठवडा झाला होता. एकोणतीस वर्षांची होते, सहा महिन्यांच्या तात्पुरत्या बोलीवर, आणि या विभागात परिचर म्हणून बाई पहिल्यांदाच आली होती. ती टिकते का पळते यावर चहाच्या टपरीवर पैजा लागल्या होत्या, मला माहीत होतं. मोहोळकर सर मांजरीहून आले, चिखलाचे बूट, हातात डबा. म्हणाले, इंदू, एवढी फॉर्मॅलिनमध्ये टाक, मला तास आहे. आणि गेले. मी टाकली. जिवंत, थेट कडक फॉर्मॅलिनमध्ये. आधी गुंगी द्यायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. ती डोळ्यांदेखत वळवळून वेटोळी झाली. मी झाकण लावून टाकलं.

सर तासावरून आले, बाटली उचलून उजेडात धरली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला बोलावून थेंबाथेंबाने अल्कोहोल कसं सोडायचं ते दाखवलं. जशी काही सहज आठवण झाली म्हणून. बाटलीबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नाही. देवा शप्पथ सांगते, मला हायसं वाटलं. पुढचा पावसाळा यायच्या आत सर हार्टने गेले आणि ती गोष्ट मी गिळली ती गिळलीच.

आता बघा. असं एकदम कडक औषधात पडलं की गांडूळ भाजल्यासारखं अंग चोरतं आणि पुढचं टोक आत ओढून घेतं. कधी कधी ओठ आणि पहिलं वलय दोन्ही तोंडात आत जातात. बाहेरून बघणाऱ्याला दुसरं वलय पहिलं वाटतं. मग तो मोजतो आणि सगळं एका घराने कमी येतं. अठराचे सतरा होतात, वीसचे एकोणीस.

म्हणजे त्या बाटलीत कोकणातलं गांडूळ नव्हतंच. आमचंच होतं. मी खराब केलेलं.

हे मला बुधवारी दुपारी कळलं. शनिवारी समिती होती. आणि तीस सप्टेंबरला, म्हणजे पुढच्या पंधरवड्यात, मी निवृत्त होणार होते. निरोपसमारंभाचं निमंत्रण छापून तयार होतं : 'एकतीस वर्षांत एकही नमुना वाया न घालवणाऱ्या'. देवस्थळी सरांनीच सुचवलेलं वाक्य. तोंडाने कितीही शिष्ट असोत, ते वाक्य त्यांनी मनापासून दिलं होतं. मी जवळजवळ तीस वर्षं त्याच वाक्यावर ताठ मानेने फिरले होते, पोरांना झापलं होतं, मोठमोठ्या सरांना ऐकवलं होतं. गप्प राहिले असते तर वाक्य राहिलं असतं. गांडूळ गेलं असतं. उत्कर्षाची दोन वर्षं एका चुकीच्या लेबलखाली गेली असती, आणि माझ्यानंतर ती बाटली उघडायचं कारण कुणाला उरलं नसतं.

दोन दिवस मी चिडचिड केली. घरी नवऱ्याने भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं, तर त्याला म्हटलं, तू मोजत बस. शुक्रवारी उत्कर्षा तीनला आली, टेबलाशी बसली, पण ट्रे पुढे ओढला नाही.

"इंदूताई, सोडून देऊ का हे गांडूळ? बाकी प्रकरणं आहेत माझी," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, "उद्या स्वच्छ ट्रे घेऊन ये. आणि रडायचं असेल तर आत्ता रडून घे, उद्या वेळ नाही."

समिती म्हणजे देवस्थळी सर आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या शर्मिला मॅडम. मॅडम गांडुळाच्या माणूस नव्हेत, जळवांच्या, पण नजर पक्की. उत्कर्षाने तिचं सांगितलं. देवस्थळी सरांनी बाटली पुढे ठेवून त्यांचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, सरांचा मुद्दा सयुक्तिक वाटतो. उत्कर्षाने मान खाली घातली.

मी चहा द्यायला आत गेले होते. ट्रे ठेवला आणि उभी राहिले.

"इंदुबाई, झालं," देवस्थळी सर म्हणाले.

"नाही झालं, सर. ही बाटली उघडायची आहे."

"का?"

"यातली गांडुळं मी खराब केलीत."

मी सगळं सांगितलं. डबा, तास, कडक फॉर्मॅलिन, वेटोळी. एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हटलं, "ती सतरा-एकोणीस नाहीत. त्यांचं पहिलं वलय आत गेलंय. माझ्यामुळे. एकतीस वर्षं मी बोलले नाही. ते वाक्य निमंत्रणातून काढा."

देवस्थळी सरांच्या प्रबंधात ही बाटली आहे, पान एकशे बारा, 'पुणे परिसरातील पहिली नोंद'. त्यांचंही काहीतरी जाणार होतं.

"हे तुम्ही म्हणता, इंदुबाई," ते सावकाश म्हणाले. "पण म्हणून कसं चालेल? पुरावा?"

"पहिल्या वलयावर काटे नसतात," मी म्हटलं.

गांडुळाच्या अंगावर बारीक काटे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, बोट उलटं फिरवलं की खरखर लागते. ते दुसऱ्या वलयापासून सुरू होतात. पहिलं नेहमी गुळगुळीत. जगातल्या कुठल्याही गांडुळाचं घ्या. देवस्थळी सरांना हे माहीत होतं, ते पोरांना शिकवतातही. पण गुरूंच्या बाटलीला कुणी दुर्बीण लावत नाही.

ते उठले. झाकणाला लावलेलं मेण त्यांनी स्वतः खरवडून काढलं. वास असा आला की मॅडमनी पदर नाकाला लावला. मी चिमट्याने एक गांडूळ सोडवलं. तीस वर्षांचं आकडलेलं, काडीसारखं कडक. ट्रेमध्ये ठेवलं, पुढचं टोक दुर्बिणीखाली आणलं आणि बाजूला झाले.

"सर, पहिल्या वलयावर काटे दिसतात का बघावं."

सरांनी वाकून सुईने टोक इकडून तिकडून फिरवून बघितलं. मग ते बाजूला झाले आणि मॅडमना म्हणाले, "आपण बघा."

मॅडमनी बघितलं. "आहेत की," त्या म्हणाल्या.

"मग ते दुसरं आहे," उत्कर्षा म्हणाली. अर्धवट उभी राहिली होती.

मी खुर्ची ओढली. पाठीवरून चीर दिली, अगदी पुढे, तोंडाशी. फॉर्मॅलिनमधलं गांडूळ ठिसूळ असतं, जरा जोर झाला की भुगा. मी श्वास धरला नाही, काही नाही, माझा हात असल्या वेळी आपोआप शांत होतो. घशाच्या तोंडाशी घडी पडलेली दिसली. सुई घातली, घडी उलगडली, आणि आतून एक पांढुरकं, गुळगुळीत, बिनकाट्याचं कडं बाहेर आलं. त्याच्या पुढे ओठ.

"आता मोजा," मी उत्कर्षाला म्हटलं. "ओठ सोडून."

ती मोठ्याने मोजायला लागली. सोळा, सतरा, अठरा. अठरावर छिद्र. एकोणीस, वीस. वीसवर छिद्र. दुसरं गांडूळ सरांनी स्वतः निवडलं, त्याचंही तेच निघालं. तिसरं उघडायला मॅडमनी नको म्हटलं, उरलेली चार तशीच राहू देत, नमुने आहेत ते.

देवस्थळी सरांनी चष्मा काढून पुसला. "पान एकशे बारा," ते म्हणाले. "सुदैवाने माझा प्रबंध कुणी वाचत नाही." आणि उत्कर्षाच्या कागदांवर सही केली. मी सांगितलं ना, माणूस वाईट नाही.

मी गांडुळं परत ठेवायला बाटली हातात घेतली. बाहेरचं लेबल मोहोळकर सरांच्या नंतरचं, देवस्थळी सरांनी त्यांच्या डायरीवरून लिहून चिकटवलेलं. मूळ चिठ्ठी आत असते, औषधात बुडालेली. जुनी चिठ्ठी बाटलीतून कधी काढत नाहीत, असा आमच्याकडचा नियम आहे. ओळख चुकली तरी काढायची नाही, नवीन चिठ्ठी शेजारी टाकायची. या बाटलीतली गांडुळांच्या वेटोळ्यात गुंडाळली गेली होती, बाहेरून वाचता येत नव्हती. आता दोन गांडुळं बाहेर आल्यावर ती सुटली. मी चिमट्याने काढून ट्रेमध्ये सरळ केली.

पेन्सिलीने लिहिलेली. पेन्सिल औषधात उतरत नाही. मोहोळकर सरांचं अक्षर मी कुठेही ओळखेन. ठिकाण, तारीख, गोळा करणारा. 'जतन करणारा' रिकामं. ओळख या ओळीवर त्या गोऱ्या साहेबाच्या गांडुळाचं नाव, आणि नावापुढे प्रश्नचिन्ह.

"प्रश्नचिन्ह आहे," देवस्थळी सर हळू आवाजात म्हणाले. "डायरीत नव्हतं हे."

मी चिठ्ठी उलटली. मागे दोन ओळी होत्या.

'पहिले वलय आत गेलेले दिसते. पुढील पावसाळ्यात पुन्हा आणावीत. इंदूला बोलू नये. हात चांगला आहे, शिकेल.'

मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग मला काही दिसेना. मी रडले. समितीपुढे, मॅडमपुढे, चहाच्या ट्रेपुढे, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे त्यांनी बाटली उजेडात धरली तेव्हाच त्यांना कळलं होतं. माझं नाव त्यांनी विसरून गाळलं नव्हतं. ती ओळ त्यांनी जाणूनबुजून रिकामी ठेवली होती, आणि मी इतकी वर्षं समजत होते की मी लपवतेय.

उत्कर्षाने माझ्या पाठीवर हात ठेवला. देवस्थळी सर खिडकीतून बाहेर बघत उभे होते, त्यांच्यापुरतं ते खूप झालं.

पुढे नव्या जातीच्या नावाचा विषय निघाला. उत्कर्षा म्हणाली, इंदूताईंचं नाव देते. मी म्हटलं, खबरदार. पुढल्या पावसाळ्यात परत जायचं होतं ते ज्यांचं राहिलं, त्यांचं दे. तिने मोहोळकर सरांचं दिलं. तरी पोरगी हट्टी ती हट्टीच, शोधनिबंधावर तिच्या नावाशेजारी माझं टाकलं, परिचर वगैरे न लिहिता नुसतं इंदू ओव्हाळ. मी तो सरुबाईला दाखवायला मांजरीला गेले. तिने उलटसुलट बघितला.

"आन् हिरीचं काय लिवलंय?" तिने विचारलं.

"तुमची विहीर, तुमचं नाव, सगळं आहे."

"मग बिल्डरला दाखविते," ती म्हणाली आणि कागद घडी घालून कमरेला खोचला.

पण हे नंतरचं. तीस सप्टेंबरला दुपारी, समारंभाच्या आधी, मी लॅबमध्ये एकटी बसले आणि एक कोरी चिठ्ठी घेतली. पेन्सिलीला टोक केलं. ठिकाण, तारीख, गोळा करणारे रंगराव मोहोळकर. मग ती रिकामी ओळ आली. तिच्यापुढे लिहिलं, 'इंदू ओव्हाळ, १९९४. थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकली. पहिले वलय आत आहे, मोजताना धरावे.' ओळख या ओळीवर नवीन नाव लिहिलं, प्रश्नचिन्हाशिवाय. चिठ्ठी बाटलीत सोडली. ती सरांच्या चिठ्ठीशेजारी जाऊन टेकली. मी झाकण लावलं, मेण लावलं आणि समारंभाला गेले.